श्रावणापासून सिगारेट सोडायची आहे, या वेळी टिकेल का?

प्रश्न विचारणारे गृहस्थ ३६ वर्षांचे आहेत. राहायला कळव्यात, नोकरी ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये, एक आठवडा सोडून एक आठवडा रात्रपाळी. कॉलेजपासून सिगारेट ओढतात, सध्या दिवसाला बारा ते चौदा. सकाळची पहिली उठल्या उठल्या संडासात, तिच्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणतात. याआधी दोनदा सोडली होती. एकदा ३१ डिसेंबरला, तेव्हा नऊ दिवसांत पुन्हा सुरू झाली. दुसऱ्यांदा मुलगी झाली तेव्हा, ती अडीच महिने बंद राहिली आणि मावसभावाच्या हळदीत परत हातात आली. निकोटिनचं च्युइंगमही खाऊन पाहिलं, पण 'घसा जळला, उचक्या लागल्या, उपयोग काही नाही'. आता येत्या श्रावणापासून कायमची सोडायची, असं त्यांनी ठरवलं आहे. हळूहळू कमी करू की एकदम? व्हेप चालेल का? वजन वाढेल का? फुफ्फुसांचा सीटी स्कॅन करून घेऊ का? आणि शेवटी लिहितात, 'माझ्यात इच्छाशक्तीच नाही असं घरचे म्हणतात, त्यांना काय सांगू?'

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्यावर उभी आहेत. मी छातीविकारांचा डॉक्टर आहे. ठाण्यात इतकी वर्षं प्रॅक्टिस करताना सिगारेट सोडायला आलेली शेकडो माणसं पाहिली. घरात तान्हं मूल, रात्रीची झोप नाही, त्यात पाळ्यांची नोकरी, अशा दिवसांत ज्याने अडीच महिने सिगारेटला हात लावला नाही त्याच्यात इच्छाशक्ती नाही, हे मला मुळीच मान्य नाही. कसलीही मदत न घेता नुसत्या निश्चयावर सोडणाऱ्या शंभर जणांपैकी वर्षभर टिकणारे तीन ते पाचच असतात, हे अनेक अभ्यासांतून दिसलं आहे. योग्य औषध आणि समुपदेशन यांची जोड दिली की हे प्रमाण दुपटीहून अधिक वाढू शकतं. माणूस तोच, त्याचा निश्चय तोच, फक्त मदत मिळालेली असते.

तुमच्याकडे दोन्ही वेळा तारीख होती आणि निर्धार होता. तलफ आली की काय करायचं, आणि ज्या जागा, ज्या वेळा, जी माणसं सिगारेटशी बांधली गेली आहेत त्यांचं काय करायचं, हे मात्र ठरलेलं नव्हतं. शरीराला लागलेली निकोटिनची गरज आणि दिवसाला लागलेली सिगारेटची सवय ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिल्याला औषध लागतं, दुसऱ्याला आधी विचार करून आखलेला बदल लागतो. एकावरच इलाज केला तर दुसरं आपल्याला परत टपरीवर नेऊन उभं करतं.

झुरका घेतल्यावर दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं. रक्तातली त्याची पातळी साधारण दोन तासांत निम्म्यावर येते. रात्रभराच्या झोपेत ती पार उतरलेली असते, म्हणून जाग आल्यावर लागणारी पहिली सिगारेट खरोखर शरीर मागत असतं. यासाठीच नव्या पेशंटला मी 'दिवसाला किती?' हे नंतर विचारतो, 'उठल्यापासून किती वेळात पहिली?' हे आधी. अर्ध्या तासाच्या आत असेल तर अवलंबित्व चांगलंच आहे आणि औषध पूर्ण मात्रेत लागणार, असं मी धरून चालतो. तुम्ही त्यातच मोडता.

तुर्भ्याच्या भाजी मार्केटमध्ये एका गाळ्यावर हिशेब लिहिणारे एक काका माझ्याकडे यायचे. 'फक्त सहा-सात विड्या' म्हणून स्वतःचं व्यसन किरकोळ समजत होते. विडी किरकोळ नसते. तेंदूच्या पानातून हवा नीट खेळत नाही, म्हणून ती जिती ठेवायला जोरजोरात झुरके मारावे लागतात आणि निकोटिन, कार्बन मोनॉक्साइड भरपूर आत जातं. काका गाड्या उतरायच्या आधी, पहाटे दोन-अडीचला उठायचे आणि तोंड धुण्याआधी विडी पेटवायचे. निकोटिनचा पूर्ण मात्रेचा पॅच (कातडीवर लावायची पट्टी) आणि जोडीला निकोटिनचा गम दिल्यावर पहाटेची विडी आठवड्याभरात गेली. एक मात्र जाता जाईना. गाड्या रिकाम्या झाल्या की माथाडी कामगारांच्या घोळक्यात चहाबरोबर ओढायची ती. तिथे औषध वाढवून काही झालं नसतं, कारण ती शरीराची गरजच नव्हती. त्यांनी चहा गाळ्यातच, काट्याशेजारी मागवायला सुरुवात केली, घोळक्यात जायचे ते ग्लास रिकामा झाल्यावर. तेव्हा कुठे ती सुटली.

तुमचं तसंच तपासून घ्या. श्रावणाला अवकाश आहे, त्यातले चार-पाच दिवस नुसते नोंदी करा. एक कागद घडी करून पाकिटाच्या आत ठेवा आणि प्रत्येक सिगारेट पेटवण्यापूर्वी लिहा: किती वाजले, कुठे आहे, बरोबर कोण आहे, आणि आत्ता ही खरंच हवी आहे का. एकही कमी करायचा प्रयत्न करू नका, खरं चित्र हवं आहे. पाळी बदलते तसा कागद बदलेल, म्हणून रात्रपाळीचे दोन दिवस त्यात येऊ द्या. बहुतेकांच्या कागदावर असं दिसतं की बारा-चौदातल्या तीन-चारच शरीराच्या आहेत. बाकीच्या ऐरोली स्टेशनाबाहेर पडल्यावर पाय आपोआप वळतात म्हणून, कॉल लांबला म्हणून, मॅनेजर 'चल खाली' म्हणाला म्हणून, किंवा ट्रान्स हार्बरची गाडी चुकली आणि पुढचीला वेळ आहे म्हणून.

आता औषधं. तुमच्या गमबद्दल आधी बोलतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या दहांतले निम्मे तरी हीच तक्रार सांगतात. ते साध्या च्युइंगमसारखं चघळायचं नसतं. गोळी तोंडात टाकायची, सावकाश चार-सहा वेळा चावायची, तिखट चव किंवा मुंग्या आल्यासारखं वाटलं की थांबायचं आणि ती गाल व हिरडीच्या मधे ठेवून द्यायची. निकोटिन तिथल्या त्वचेतून शोषलं जातं. चव ओसरली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचं, जागा बदलून पुन्हा ठेवायची. असं साधारण अर्धा तास. भराभर चघळलं की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, तिथे त्याचा उपयोग फारसा होत नाही आणि घसा जळणं, उचक्या, मळमळ हे सगळं होतं. तुमचं नेमकं हेच झालं. शिवाय गम खाण्याआधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा, कॉफी, कोल्ड्रिंक, लिंबूपाणी काही नको. तोंडात आंबटपणा असला तर निकोटिन शोषलं जात नाही. आपल्याकडे चहा झाला की लगेच गम टाकतात आणि म्हणतात, काही फरक पडला नाही.

दुसरी गोष्ट मात्रेची. तलफ अनावर झाल्यावर दिवसातून दोन-तीन गम खाल्ले तर ते अपुरे आहेत. पहिले सहा आठवडे, जागे असताना दर एक-दोन तासांनी एक, तलफ यायच्या आधीच. मग सहा आठवड्यांत हळूहळू अंतर वाढवत एकूण तीन महिन्यांवर बंद. २ मिलिग्रॅमचा गम चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ मिलिग्रॅमचा डॉक्टरांनी लिहून द्यावा लागतो. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली ओढणाऱ्यांना ४ चा लागतो, पॅच जोडीला असेल तर बऱ्याचदा २ चाही पुरतो.

पॅच म्हणजे कातडीवर चिकटवायची पट्टी. दिवसाला दहापेक्षा जास्त ओढणाऱ्याला सहसा २१ मिलिग्रॅमपासून सुरू करतो, मग १४, मग ७. दंड, छाती, पाठ अशा केस नसलेल्या कोरड्या जागी लावायचा आणि रोज जागा बदलायची. रात्रपाळीत घड्याळाकडे बघू नका, तुम्ही ज्या वेळी उठता ती तुमची सकाळ, तेव्हा लावा. विचित्र, ठसठशीत स्वप्नं पडून झोप मोडत असेल तर झोपताना काढून ठेवा. पॅच दिवसभर तळाची पातळी सांभाळतो आणि अचानक उसळणारी तलफ गमने सावरता येते. दोन्ही मिळून एकट्यापेक्षा जास्त चांगलं काम करतात आणि ते एकत्र वापरायला हरकत नसते. सगळ्या मेडिकलमध्ये पॅच तयार असतोच असं नाही. गोखले रोडवरच्या मोठ्या दुकानातही मागवून घ्यावा लागू शकतो, म्हणून तारखेच्या आदल्या दिवशी शोधाशोध नको.

'निकोटिन सोडायला निकोटिनच कसं देता?' असं घरचे विचारतील. निकोटिन व्यसन लावतं हे खरं. कॅन्सर, दमा वाढणं, फुफ्फुसं निकामी होणं हे मुख्यतः जळणाऱ्या तंबाखूच्या धुरामुळे होतं. गममध्ये, पॅचमध्ये धूर नाही, निकोटिन सावकाश आणि कमी पातळीने मिळतं, म्हणून त्यातून बाहेर पडणंही सोपं जातं. अलीकडेच हार्ट अटॅक येऊन गेला असेल, किंवा बाई गरोदर असेल, तर मात्र स्वतःच्या मनाने काही घेऊ नये.

गोळ्यांत व्हॅरेनिक्लिन हे सगळ्यांत परिणामकारक औषधांपैकी एक आहे. ती ठरलेल्या तारखेच्या एक आठवडा आधी सुरू करायची असते, लहान मात्रेने, मग वाढवत नेऊन एकूण बारा आठवडे. जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घेतली तर मळमळ कमी होते. किडनीचा आजार असेल तर मात्रा कमी करावी लागते. तुमच्यासाठी एक महत्त्वाचं: ही गोळी चालू असताना दारूचा परिणाम नेहमीपेक्षा वेगळा आणि जास्त होऊ शकतो. श्रावणाची तारीख धरून आषाढाच्या शेवटच्या आठवड्यात गोळी सुरू केली आणि मधेच गटारी आली, तर त्या रात्री ग्लास हातात घेऊ नका. ब्युप्रोपिऑन नावाची दुसरी गोळी आहे. फिट येत असतील त्यांना ती देत नाहीत. यांपैकी काय तुमच्यासाठी योग्य, हे समोर बसून, इतर आजार आणि चालू औषधं बघूनच ठरतं.

श्रावणाची तुमची निवड मला आवडली. आपल्याकडे त्या महिन्यात मांसाहार, दारू बंद असते, म्हणजे 'बसायचे' कार्यक्रम आपोआप थांबतात आणि सिगारेट परत सुरू होण्याचं सगळ्यांत मोठं निमित्त महिनाभर दूर राहतं. घरातही तेच वातावरण असतं. पण दरवर्षी गणपती झाल्यावर माझ्याकडे काही माणसं येतात, ज्यांनी श्रावणभर सिगारेट बंद ठेवली आणि विसर्जनाच्या रात्री पहिली ओढली. त्यांनी ते व्रतासारखं धरलं होतं, आणि व्रताला उद्यापन असतं. मनात कुठेतरी महिना संपायची वाट पाहणं चालू राहतं. म्हणून सुरुवात श्रावणात करा, औषधाचा कोर्स मात्र पार दसऱ्याच्या पुढेपर्यंत जाईल असं आधीच कॅलेंडरवर लिहा. अनंत चतुर्दशीची रात्र आणि त्यानंतरची पहिली पार्टी, या दोन्हीसाठी वेगळी आखणी करा.

दिवस निवडताना पहिला श्रावणी सोमवार मनात असेल, तर थोडा बदल सुचवतो. निकोटिन बंद झाल्याचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यांत जास्त असतो. तुमच्या साप्ताहिक सुटीच्या पहिल्या दिवशी सोडा, म्हणजे पहिले दोन दिवस घरी निघतील आणि टपरीची गाठ तिसऱ्या-चौथ्या दिवशी पडेल. शक्यतो दिवसपाळीचा आठवडा धरा. पहाटे तीनला झोप, कंटाळा आणि तलफ एकत्र आल्या तर सुरुवातीलाच फार जड जातं.

हळूहळू की एकदम? २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या एका अभ्यासात दोन आठवडे कमी करत नेऊन सोडणाऱ्यांपेक्षा एका दिवसात सोडणारे जास्त टिकले: चार आठवड्यांनी सुमारे ४९ टक्के विरुद्ध ३९ टक्के, दोन्ही गटांना मदत असताना. माझाही कल एकदम सोडण्याकडे आहे. कमी केली की उरलेली प्रत्येक जास्त मोलाची होते आणि माणूस ती खोल ओढतो. आणि 'दोन-तीनवर आणली, आता बास' असं म्हणून थांबू नये. दिवसाला एक सिगारेटही हृदयविकाराचा जो वाढीव धोका देते तो वीस ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्याच्या जवळपास निम्मा भरतो. 'छोटी', 'मिंट', 'लाइट' यांनीही काही वाचत नाही.

आता सोडल्यावर अंगात काय काय होईल ते सांगून ठेवतो, कारण हे माहीत नसल्यानेच बरेच जण घाबरून परत जातात. पोट साफ न होणं ही भीती आपल्याकडे फार मोठी आहे. निकोटिन आतड्यांना चालना देतं हे खरं आहे, ती बंद झाली की काही दिवस बद्धकोष्ठ होतं. दोन-तीन आठवड्यांत आतडी स्वतःच्या वेळेवर येतात. तोवर रात्री इसबगोल, दिवसभर पाणी, आणि सकाळी उठल्यावर कोमट पाणी पिऊन पंधरा मिनिटं चालून मगच संडासला जा. तिथे फोन, लायटर दोन्ही न्यायचं नाही. खोकला काही आठवडे वाढू शकतो, कफ जास्त पडतो. श्वासनलिकेतले बारीक केस धुराने निपचित झालेले असतात, ते पुन्हा हलू लागतात आणि साचलेलं बाहेर ढकलतात. 'ओढत होतो तेव्हा बरा होतो' असं त्या आठवड्यात वाटतं. तोंडात चट्टे येतात, भूक वाढते, चिडचिड होते, लक्ष लागत नाही. बहुतेक त्रास दोन ते चार आठवड्यांत निवळतो.

चहाबद्दल फार थोडे डॉक्टर सांगतात, पण ते महत्त्वाचं आहे. धुरातल्या काही रसायनांमुळे यकृत कॅफीन लवकर संपवत असतं. धूर बंद झाला की तेवढाच चहा-कॉफी रक्तात जास्त वेळ राहते. माणूस रोजचे सहा कटिंग पीतच असतो, मग छाती धडधडते, हात थरथरतात, झोप लागत नाही, आणि तो म्हणतो सिगारेट सोडल्याने माझं हे झालं. सोडण्याच्या दिवसापासून चहा-कॉफी निम्म्यावर आणा. हाच नियम दम्याच्या थिओफिलिन गोळ्यांना आणि मानसिक आजारावरच्या ओलान्झापिन, क्लोझापिनसारख्या काही औषधांना लागू पडतो, त्यांची मात्रा कमी करावी लागू शकते. घरात कुणी ही औषधं घेत असून सिगारेट सोडत असेल तर त्यांच्या डॉक्टरांना आधी कळवा.

उसळी मारून आलेली तलफ तीन ते पाच मिनिटांत ओसरते, तुम्ही काही केलं नाही तरी. ही पाच मिनिटं कशी काढायची ते जागेवर ठरवता येत नाही, आधीच ठरलेलं हवं. स्टेशनाबाहेर पडल्यावर टपरीच्या विरुद्ध फुटपाथने चालायचं. ऑफिसात ब्रेकला खाली न जाता पँट्रीत जायचं, किंवा खालीच जायचं असेल तर न ओढणाऱ्या एका सहकाऱ्याला बरोबर घ्यायचं. खिशात बडीशेप, लवंग, चणे काहीही ठेवा. हाताला आणि तोंडाला काम लागतं, त्यात कमीपणा नाही. फक्त सुपारी, गुटखा, मावा, मिशरी यांकडे वळू नका. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी सिगारेट सोडून तंबाखू मळायला लागलेले लोक मी तोंडाच्या जखमा घेऊन येताना पाहतो.

ज्यांच्याबरोबर रोज ओढता त्यांना तारीख सांगा. 'मला देऊ नका, मी मागितली तरी देऊ नका' एवढंच. अनेकांना वाटतं मित्र चिडवतील. एखादा चिडवतोही. पण त्या घोळक्यातल्या दुसऱ्या कुणालातरी सोडायची असते, आणि तो संध्याकाळी एकटा गाठून विचारतो की तू काय घेतलंस. पहिलं पाकीट कुणी विकत घेऊन परत सुरुवात करत नाही. सुरुवात नेहमी एका सुट्या सिगारेटने किंवा कुणाच्या तरी पाकिटातल्या एका सिगारेटने होते. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सुट्या सिगारेटची विक्री बंद आहे, पण टपरीवर ती मिळते हे आपण सगळेच जाणतो.

तुमची हळदीची रात्र नीट आठवून पाहा. अडीच महिने झाले होते, शरीराची गरज केव्हाच संपली होती. दोन पेग झाले, जुने भाऊबंद भेटले, गाणी लागली, आणि वाटलं की आता आपल्या ताब्यात आहे, एक ओढली तर काय होतंय. ज्यांची पहिल्या आठ-दहा दिवसांत परत सुरू होते त्यांना तलफ हरवते. ज्यांची दोन-तीन महिन्यांनी होते त्यांना आत्मविश्वास आणि दारू मिळून हरवतात. म्हणून पहिले तीन महिने दारू बंदच ठेवा असं मी स्पष्ट सांगतो. हळद, साखरपुडा, येऊरचा विकेंड जे असेल तिथे जा, जेवा, नाचा, पण ग्लासात साधं पेय असू द्या आणि रात्री अकराच्या आत निघा.

आणि एक ओढली गेलीच, तर ती एकच राहू शकते. पॅच काढायचा नाही, औषध थांबवायचं नाही, 'आता सगळं गेलं' म्हणून पाकीट आणायचं नाही. कुठे, कोणाबरोबर, किती वाजता, हे त्या जुन्या कागदावर लिहा आणि दुसऱ्या दिवशी फोन करा. सिगारेटच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा नंबर टोल फ्री आहे, २०१६ पासून चालू आहे. तिथले समुपदेशक तारीख ठरवून देतात आणि नंतर स्वतःहून फोन करून चौकशी करतात. ज्यांना दवाखान्यात यायला वेळ किंवा पैसा नाही त्यांनी तर हा जरूर वापरावा. सरकारी जिल्हा रुग्णालयांतही तंबाखूमुक्तीचं समुपदेशन मिळतं. सोडल्यावर मन फारच उदास राहिलं, जगावंसं वाटेनासं झालं, तर १४४१६ या टेलिमानसच्या (मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या) नंबरवर कुठल्याही वेळी बोला आणि डॉक्टरांना लगेच भेटा.

व्हेपबद्दल थोडक्यात: २०१९ च्या कायद्याने भारतात ई-सिगारेटची विक्री, आयात, साठा सगळ्यावर बंदी आहे. जे मिळतं ते चोरट्या मार्गाने आलेलं, आत काय आणि किती आहे याचा पत्ता नसलेलं. वाशीत, ठाण्यात कॉलेजची मुलं तिच्यामुळे निकोटिनला लागलेली मी पाहतो. तुमच्याकडे पॅच आणि गम असताना तिची गरज नाही.

वजन वाढतं, हे लपवत नाही. वर्षभरात सरासरी चार-पाच किलो. कुणाचं अजिबात वाढत नाही, कुणाचं जास्त. पहिल्या तीन महिन्यांत डाएट सुरू करू नका, एका वेळी एकच लढाई. रात्रपाळीतला वडापाव आणि बिस्किटं तेवढी आवरा, रोज अर्धा तास चाला. सकाळी मासुंदा तलावाला फेऱ्या मारणाऱ्यांत माझे बरेच जुने पेशंट दिसतात.

सीटी स्कॅनची तुम्हाला आज गरज नाही. तुमचं वय, तुमची एकूण ओढलेली सिगारेट आणि काही लक्षण नसणं पाहता त्यातून फायदा कमी आणि भीती जास्त मिळेल. आपल्याकडे जुन्या टीबीचे, जंतुसंसर्गाचे बारीक डाग अनेकांच्या फुफ्फुसांत असतात आणि त्यांच्यामागे तपासण्यांची रांग लागते. जिना चढताना दम लागत असेल तर स्पायरोमेट्री करा, ती फुंकण्याची साधी तपासणी आहे. थुंकीतून रक्त, दोन आठवड्यांहून जास्त खोकला, कारण नसताना वजन उतरणं, तीन आठवडे बसलेला आवाज, तोंडात न भरणारी जखम, यांपैकी काहीही असेल तर मात्र श्रावणाची वाट न पाहता या.

क्लिनिकमध्ये मी फुंकून कार्बन मोनॉक्साइड मोजायचं एक छोटं यंत्र ठेवतो. पेशंटला पंधरा सेकंद श्वास रोखून हळूहळू फुंकायला सांगायचं, पडद्यावर आकडा येतो. न ओढणाऱ्याचा साधारण सहाच्या खाली असतो, तुमच्याएवढं ओढणाऱ्याचा पंधरा-वीसच्या घरात. सोडल्यावर एक-दोन दिवसांत तो न ओढणाऱ्यासारखा होतो. एक्स-रे पाहून न हललेली माणसं तो उतरलेला आकडा पाहून बायकोला फोन लावतात. हृदयविकाराचा वाढीव धोका वर्षभरात जवळपास निम्मा होतो. इंग्लंडमधल्या डॉक्टरांवर १९५१ पासून पन्नास वर्षं चाललेल्या अभ्यासात तिशीत सोडणाऱ्यांना सुमारे दहा वर्षं, चाळिशीत सोडणाऱ्यांना नऊ, पन्नाशीत सहा आणि साठीत सोडणाऱ्यांना तीन वर्षं आयुष्य परत मिळालेलं दिसलं. तुम्ही ३६ चे आहात. चाळिशीच्या आत सोडलीत तर सिगारेटमुळे अकाली मरण्याचा जो वाढीव धोका आहे त्यातला सुमारे ९० टक्के टळतो. पुढच्या चार वर्षांत नव्हे, या श्रावणात सोडा असा माझा आग्रह त्यासाठीच आहे.

घरच्यांना आता काय सांगायचं ते तुमच्या लक्षात आलं असेल. तारीख सांगा, औषधं दाखवा, आणि पहिले दोन आठवडे मी चिडेन, ते माझ्यावर सोडा, असं आधीच बोलून ठेवा. त्यांच्याकडून दोनच गोष्टी मागा. रोज संध्याकाळी 'आज ओढलीस का?' असं विचारू नये, आणि रात्रीच्या जेवणानंतर शतपावलीला कुणीतरी तुमच्याबरोबर खाली उतरावं, कारण जेवणानंतरची सिगारेट तुमच्या कागदावर वरच्या दोन-तीनमध्ये असणार याची मला खात्री आहे. नोंदींचा तो कागद, चालू औषधांची यादी आणि कॅलेंडर घेऊन तारखेच्या किमान दहा दिवस आधी डॉक्टरांना भेटा. गोळी द्यायची ठरली तर तेवढा वेळ लागतो.